टीम हलवायची नाही

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला कारणंही चांगली मिळत गेली. आधी घर बदलायचं होतं, मग मोतीबिंदू, मग नातीची मोठी परीक्षा. आता घर बदलून झालं, डोळे स्वच्छ झाले, नात कॉलेजात गेली आणि मी शहात्तर वर्षांचा झालो. परवा बायको म्हणाली, "आता काय, हात दुखतोय का?" म्हणून बसलो.

ज्या गृहस्थांविषयी लिहायचं आहे त्यांचं नाव इथे देत नाही. आमच्या सिंगापूरच्या मराठी मंडळात त्यांची एक गोष्ट अजून सांगतात. एका शब्दावरून रुसले, म्हणतात, आणि इतक्या वर्षांच्या मित्रांना सोडून बसले. सांगणारा हसत सांगतो, ऐकणारे हसतात. त्या हसणाऱ्यांत मीही बसलेलो आहे. ती गोष्ट अर्धी खोटी आहे, आणि तो खोटा अर्धा भाग मी पुरवलेला आहे.

पण तिथे पोचायला थोडा वेळ लागेल, कारण या माणसाची आठवण काढली की मला आधी हसूच येतं.

आम्ही बिशान भागातल्या एकाच ब्लॉकमध्ये राहत होतो. मी पाचव्या मजल्यावर, ते अकराव्या. कारखान्यांत मशीनं बसवून देणाऱ्या कंपनीत ते इंजिनियर होते. निवृत्त झाले, पत्नी गेली, मुलगी पर्थला. मुलगी दर महिन्याला म्हणायची, बाबा, आता इकडे या. ते म्हणायचे, "टीम हलवायची नाही." तिला सवय झाली होती. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या परक्या माणसाला मात्र या वाक्याचा अर्थ लागायचा नाही, आणि मग ते अर्थ समजावून सांगायला लागायचे. मध्येच त्या माणसाचा मजला आला, तर दाराला हात लावून लिफ्ट धरून ठेवायचे. वरचे-खालचे लोक बटणं दाबत राहायचे.

वाक्य बास्केटबॉलचं होतं. तरुणपणी कंपनीच्या कामासाठी ते दोन वर्षं अमेरिकेत होते, पार वायव्येच्या कोपऱ्यातल्या एका पावसाळी शहरात. ज्या म्हातारीकडे खोली घेतली होती, तिने त्यांना एका संध्याकाळी ओढून त्या शहराच्या टीमचा सामना बघायला नेलं. पुढच्या आठवड्यापासून ते तिला ओढून न्यायला लागले. मग ते सिंगापूरला आले, वर्षं गेली, आणि एक दिवस त्या टीमच्या मालकाने अख्खी टीम उचलून देशाच्या मधोमध असलेल्या दुसऱ्याच शहरात नेऊन ठेवली.

"अरे, मुलगी सासरी गेली तरी माहेर जागेवर राहतं," ते मला सांगायचे. "इथे माहेरच उचलून नेलं. आता त्या गावातल्या माणसाने संध्याकाळी जायचं कुठे?"

तेव्हापासून त्यांची कुठलीच टीम नव्हती, पण सामने सगळे बघायचे. अमेरिकेतली संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. त्यामुळे आठ-साडेआठला ते खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, ठरलेल्या टेबलावर, समोर बिनदुधाची बिनसाखरेची कॉफी, आणि फोन चिली सॉसच्या बाटलीला टेकवून उभा केलेला. एखादी टीम पूर्वी गाव सोडून पळालेली असेल, तर हे तिच्या विरुद्ध बाजूला. दोन्ही टीम पळालेल्या असतील, तर हे पंचांच्या बाजूला. पंचांसाठी टाळ्या वाजवणारा दुसरा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही.

मुलीचा शाळेतला जुना ॲटलास त्यांनी जपून ठेवला होता. अमेरिकेच्या पानावर लाल बाण म्हणजे हललेल्या टीम, आणि हिरवे ठिपके म्हणजे लीगने जिथे नवी टीम द्यायला हवी अशी शहरं. लीगने टीम इकडून तिकडे हलवू देऊ नयेत, ज्याला हवी त्याला नवी द्यावी, हे त्यांचं तत्त्वज्ञान. ठिपके वाढत वाढत कॅनडात गेले, मेक्सिकोत उतरले. एकदा मी सहज पुढची पानं उलटली, तर सिंगापूरवर ठिपका.

"इथे कोण बघायला येणार?" मी विचारलं.

"मी. तुझं काय?"

तळ्यांवरून नाव पडलेली एक टीम फार पूर्वी दूरच्या कोरड्या शहरात गेली आणि तिने नाव तेच ठेवलं. मी एकदा यावर हसलो, तर म्हणाले, "तुझं आडनाव काय?" माझं आडनाव 'कर'वर संपतं. "ते गाव पाहिलंयस?" नाही. "वडिलांनी?" नाही. "मग तूही पळालेली टीमच की. गाव सुटलं, पाटी राहिली. हसतोयस काय?"

म्हाताऱ्यांना ते अरे-तुरे करायचे आणि लहान मुलांना अहो-जाहो. "मुलांना अजून मोठं व्हायचंय, सवय हवी. तुला आता कुठे जायचंय?" मी त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, म्हणून मी त्यांना अहो म्हणत राहिलो आणि ते मला अरे. या व्यवहारात मला काही वावगं वाटलं नाही.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे 'आपण' आणि 'आम्ही'. मंडळातली मुलं इथेच वाढलेली, डोक्यात इंग्रजी 'वुई' पक्कं बसलेलं. ती सरसकट 'आम्ही' म्हणायची. एक दहा वर्षांची मुलगी त्यांना म्हणाली, "अंकल, आम्ही आता जेवायला जाऊ या." हे वाकून, अगदी अदबीने म्हणाले, "अहो, तुम्ही मला बरोबर नेताय की नाही? नेत असाल तर आपण म्हणा. आम्ही म्हणालात तर मी इथेच थांबतो, तुम्ही जाऊन या."

"यू कम ऑल्सो कॅन, लाह," ती इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"मग आपण."

"ओके. आपण."

आणि मग आमच्याकडे वळून, "इंग्रजीचा सगळा घोटाळा या एका शब्दात आहे. टीमचा मालक कॅमेऱ्यासमोर येऊन म्हणतो, वुई आर मूव्हिंग. गावातल्या लोकांना वाटतं, यात आपण आहोत की नाही? मराठीत बोलला असता तर पहिल्या शब्दालाच पकडला असता त्याला."

रविवारी सकाळी सात वाजता ब्लॉकशेजारच्या कोर्टवर आम्ही नऊ जण बास्केटबॉल खेळायचो. सगळे मराठी, सगळे साठीच्या पुढचे, सगळ्यांच्या खिशात कसली ना कसली गोळी. नियम त्यांनी केलेले. पळणं हा फाउल. उडी मारणं म्हणजे ज्याने आपला गुडघा बदलला त्या डॉक्टरचा अपमान, म्हणून मोठा फाउल. बॉल नुसता कड्याला लागला तरी प्रयत्नाचा अर्धा गुण, त्यामुळे सामने साडेतीन-दोन असे सुटायचे. तेच सगळ्यांत वाईट खेळायचे. इतक्या वर्षांत त्यांचे मोजून चार बास्केट झाले असतील, आणि चारही वेळा कोण कुठे उभं होतं हे त्यांना तोंडपाठ होतं. खेळताना कोणी आपल्याच गड्याला "आम्ही जिंकलो" म्हणालं, की त्याने पुढच्या वेळी नाल्यात गेलेला बॉल काढायचा. आमच्यातल्या निवृत्त डेंटिस्टने बहुतेक वेळा बॉल काढला.

मंडळात दरवर्षी वादविवाद व्हायचा आणि विषय सुचवायला एक पेटी ठेवायचे. एका वर्षी पेटीतून सतरा चिठ्ठ्या निघाल्या. सतराही चिठ्ठ्यांवर एकच विषय, एकच अक्षर. व्यावसायिक बास्केटबॉल टीमनी शहर बदलावं की लीगने नव्या टीम घ्याव्यात? त्यांच्याविरुद्ध बोलायला कोणी तयार होईना, म्हणून मला उभं केलं.

हॉलमध्ये पुढचा कार्यक्रम उकडीच्या मोदकांचा होता. त्यामुळे श्रोते म्हणजे पंधरा-सोळा बायका, मांडीवर परात घेऊन, आणि मागे आमचे बास्केटबॉलवाले. मी तयारी करून गेलो होतो. म्हटलं, गावात लोक सामने बघायला येत नसतील, मैदान गळत असेल, तर मालकाने काय तिथेच बसून राहायचं? आणि नव्या टीम वाढवत गेलं की चांगले खेळाडू विखुरतात, खेळ पातळ होतो. आमटीत किती पाणी घालणार?

ते उठले. "पाहुणे उपाशी घालवण्यापेक्षा आमटी पातळ बरी. आणि पाणी वाढवलं की मीठ वाढवायचं, गूळ वाढवायचा, परत उकळी आणायची. ह्यांना घरात कोणी सांगितलेलं दिसत नाही."

बायका हसल्या. माझी बायको सगळ्यांत मोठ्याने हसली. मग त्यांनी माहेर उचलून नेण्याचा मुद्दा काढला, आणि माझं काम तिथेच संपलं. पहिल्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "उकड गार होतेय. मतं घ्या. माहेर हलवायचं नाही, ह्यात बोलण्यासारखं काय आहे?" माझ्या बाजूने दोन मतं पडली. एक माझं आणि एक डेंटिस्टचं. त्याचं लक्ष नव्हतं.

आभार मानताना ते म्हणाले, "माझे विरोधक मालकांच्या बाजूने फार सुंदर बोलले. आजपासून यांना आपण मालक म्हणू या."

झालं. बायकोच्या मैत्रिणी फोन करून विचारायला लागल्या, "तुमचे मालक आहेत का घरात?" आणि खिदळायला लागल्या. डेंटिस्ट मला बॉल देताना वाकून "मालक, घ्या" म्हणायचा. कोर्टशेजारी व्यायाम करणाऱ्या चिनी अंकलला ते माझं नावच वाटलं. तो रोज सकाळी लांबून हात करायचा, "मॉर्निंग, मालक."

मीही हसायचो. पण हे नाव मला लागत होतं. तीस वर्षं मी चाळीस माणसांचं ऑफिस चालवलं होतं, आणि तिथे मला कोणी हसलं नव्हतं. म्हणजे माझ्या समोर तरी नाही. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून ते आत बसून राहिलं.

दोनेक वर्षांनी मुलाने मरीन परेडला, पार समुद्राकडे, कॉन्डो घेतला आणि आम्हा दोघांना तिकडे नेलं. कॉन्डोत छपराचं अर्धं कोर्ट होतं, बाजूला गार पाण्याचा नळ. बिशानचं कोर्ट उघडं, एक कडं वाकलेलं. मी म्हटलं, रविवारचा खेळ तिकडे नेऊ. छप्पर हे कारण मी सगळ्यांना सांगितलं. मला बिशानपर्यंत यावं लागणार नाही, हे कारण मी सांगितलं नाही.

"टीम हलवायची नाही," ते म्हणाले. "तू तिकडे नवी टीम काढ. लीग वाढव. महिन्यातून एकदा आपण एकमेकांविरुद्ध खेळू."

"नऊ माणसांत दोन टीम कशा होणार?"

"आमटीत पाणी घाल."

"मालकांना नवीन मैदान हवंय," डेंटिस्ट म्हणाला, आणि सगळे हसत सुटले.

पण छप्पर ते छप्पर. एकेकटा भेटला की प्रत्येक जण मला म्हणायचा, तिकडेच बरं. त्यांच्यासमोर मात्र कोणी बोलायला धजायचा नाही. शेवटी एका शनिवारी दुपारी मी ग्रुपवर मेसेज लिहायला घेतला. "उद्यापासून आपण मरीन परेडला खेळणार आहोत. सकाळी सात." इथे माझं बोट थांबलं.

हा मेसेज गेला असता तर ते आले असते. कुरकुरत, आधी ट्रेन, मग बस बदलून, बगलेत ॲटलास घेऊन आले असते. गेटवरच्या गार्डला त्यांनी टीम का हलवू नये ते सांगितलं असतं. मुलाच्या शेजाऱ्यांसमोर मला मालक म्हणून हाक मारली असती, आणि रविवार संपायच्या आत कॉन्डोतल्या पोरासोरांनीही ते नाव उचललं असतं. मी 'आपण' खोडलं आणि 'आम्ही' लिहिलं.

बाकीचे सात जण त्या शब्दावर अडणार नव्हते. घाईत वाचतील, वेळ बघतील, येतील. अडणारा एकच होता, आणि तो नक्की अडेल हे मला ठाऊक होतं.

बायको शेजारी भाजी निवडत होती. तिने फोनमध्ये डोकावलं. "अहो, इथे आपण हवं ना?"

"तेच ते."

"तेच कसं? त्यांना किती..."

"पाठवलं," मी म्हणालो.

दहा मिनिटांनी त्यांचं उत्तर आलं. "तुमच्या टीमला शुभेच्छा."

दुसऱ्या दिवशी आठ जण जमलो. छप्पर होतं, पाणी होतं. डेंटिस्ट म्हणाला, "ते कुठायत?" एकाला ते सकाळीच लिफ्टमध्ये भेटले होते. "म्हणाले, मला बोलावलेलं नाही. तो 'आम्ही' लागला त्यांना."

"एका शब्दावरून?"

"यांच्याकडून घाईत झालं असेल." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो, घाईत झालं," मी म्हणालो. "आता त्यांना कोण समजावणार?"

मंडळात जी गोष्ट सांगतात ती तिथे, त्या छपराखाली, जन्मली. डेंटिस्टने ती पहिल्यांदा सांगितली आणि छान रंगवून सांगितली. मी मान डोलावली.

मरीन परेडची आमची टीम पाच महिने टिकली. कोणाला बस लांब पडायला लागली, कोणाचा गुडघा, कोणी बायकोला बरोबर आणायला लागला आणि दोघं थेट समुद्राकडे जायला लागली. शेवटी मी आणि एक बँकेतला गृहस्थ उरलो. त्याने मला एका रविवारी विश्वासात घेऊन सांगितलं की त्याला बास्केटबॉल कधीच आवडलेलं नव्हतं.

बिशानला काय चाललंय ते मी विचारायचो नाही. एकदा जुन्या घराच्या किल्ल्या द्यायला सकाळी तिकडे जावं लागलं. कोर्टवरून आरडाओरडा ऐकू आला, म्हणून ब्लॉकखालच्या एका खांबामागे थांबलो. ते मधोमध उभे होते. बरोबर तोच चिनी अंकल आणि त्याचा भाऊ, एक निवृत्त तमिळ गार्ड, आणि डोक्याला रुमाल बांधलेल्या एक मलय आजी. आजी कुठूनही बॉल फेकायच्या आणि तो आत जायचा. आत गेला की पाचही जण ओरडायचे, "आपण". त्या चौघांना येणारं सगळं मराठी तेवढंच. समोरची टीम दुसऱ्या ब्लॉकची होती. चिनी अंकलने गुण पुकारले, "आपण थ्री, दे ऑल वन अँड हाफ." त्यांची लीग वाढली होती. मी मागच्या रस्त्याने स्टेशनवर गेलो. ट्रेनमध्ये दोन स्टेशनं मला हसू आवरत नव्हतं, आणि पुढे मग वेगळंच काहीतरी व्हायला लागलं, म्हणून मधेच उतरलो.

त्यानंतर मी गेलो नाही. जायला हवं होतं, हे बायको वर्षातून एकदोनदा म्हणायची. वाढदिवसाला मेसेज टाकायचो, त्यांचं "आभार" यायचं.

मागे बातमी आली की ती अमेरिकेतली लीग नव्या टीम घ्यायचा विचार करतेय, आणि ज्या शहरांची नावं पुढे आहेत त्यांत ते पावसाळी शहर आहे. नातीने फोनवर दाखवली. "आजोबा, दॅट अंकल्स सिटी, राइट?"  बायकोने माझी छत्री आणि ट्रेनचं कार्ड आणून टेबलावर ठेवलं.

आता मरीन परेडहून ट्रेन आहे. सगळा वेळ मी मनात वाक्यं जुळवत होतो. हॉकर सेंटरमध्ये ते त्याच टेबलावर होते, बारीक झालेले, खुर्चीला काठी टेकवलेली. मला पाहिलं आणि मधली वर्षं झालीच नसल्यासारखं म्हणाले, "ये, मालक. उशीर केलास."

सरंगून रोडच्या भारतीय मिठाईवाल्याकडून सकाळीच पेढ्यांचा बॉक्स आणला होता आणि ते आजूबाजूच्या टेबलांना वाटत होते. कॉफीवाल्या आंटीने पेढा हुंगून पाहिला. "अंकल, हूज वेडिंग?"

"माय टीम कमिंग बॅक," ते म्हणाले. मग मला, "बघितलंस? हलवणार नाहीत. वाढवणार."

"अजून ठरलेलं नाही," मी म्हणालो. सवयीने.

"ठरलं की परत वाटीन. पेढ्यांना काय तोटा?" त्यांनी माझ्या हातावर एक ठेवला आणि नव्या टीमचे रंग कोणते असावेत, जुनं नाव परत मिळेल का, यावर बोलत सुटले. बोलताना दोनदा काठी पाडली. इतका आनंदात असलेला म्हातारा मी पाहिला नव्हता. थांबतील तेव्हा बोलू असं ठरवून मी वाट बघत होतो, आणि ते थांबत नव्हते. शेवटी मध्येच म्हणालो, "मला त्या मेसेजबद्दल बोलायचं होतं."

ते थांबले. कप खाली ठेवला.

"तो होय," ते म्हणाले. "टाइप करताना चुकलं होतं ना तुझं?"

ते चेष्टा करत नव्हते. माझ्याकडे बघत होते, आणि उत्तराची वाट बघत होते. शेजारच्या टेबलावर आंटी पेढा खात होती आणि आमच्याकडे बघून हसत होती.

"हो," मी म्हणालो. "घाईत झालं."

"वाटलंच मला," ते म्हणाले, आणि अजून एक पेढा माझ्या हातावर ठेवून परत जर्सीच्या रंगांकडे वळले. निघताना म्हणाले, रविवारी ये, आजींना एक गडी कमी पडतोय. मी येतो म्हणालो. त्या रविवारी पाऊस होता, पुढच्या रविवारी नात घरी होती. दीड महिन्याने पर्थहून त्यांची मुलगी आली, ती त्यांच्या मागे घर आवरायला.

ट्रेनमध्ये जुळवलेली वाक्यं तीनच होती. त्या टेबलावर ती म्हणायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. मेसेज घाईत गेला नव्हता. आधी 'आपण' लिहिलं होतं, ते खोडून मी 'आम्ही' लिहिलं, कारण मला तुम्ही तिथे नको होतात. माझं चुकलं, मला माफ करा.